माझ्याकडे वाजतो, तुझ्याकडे का वाजत नाही? दुसऱ्याच्या मशिनवर बिघडणाऱ्या सिंथ-प्रीसेटची दुरुस्ती

घटस्थापनेला आठ दिवस उरले की माझ्या फोनवर ठरावीक मेसेज यायला लागतात. ‘सनई लोड झाली, पण मुकी आहे.’ ‘तानपुरा डासासारखा गुणगुणतोय.’ ‘हा ढोल नाही रे, पत्र्याचा डबा आहे.’ पाठवणारे सगळे आपलेच. सातपूरचा एक कीबोर्डवाला, सिडकोतला बेंजो ग्रुप, पंचवटीतलं एक भजनी मंडळ आणि नाशिकरोडची एक मुलगी, जी कॉलेज सांभाळून घरातल्या घरात गाणी रेकॉर्ड करते. या मंडळींना मी सॉफ्टवेअर सिंथचे, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज घडवणाऱ्या प्रोग्रामचे, आवाज बनवून देतो, हौसेखातर. असा सेव्ह करून ठेवलेला आवाज म्हणजे प्रीसेट. दिवसा अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला असतो, त्यामुळे ‘काल तर चालत होतं’ हे वाक्य मला दोन्हीकडे ऐकावं लागतं.

तेच तेच फोनवर सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी मुख्यतः व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सिंथ वापरतो. व्हायटलची मूळ आवृत्ती 2020 पासून फुकट मिळते आणि सर्ज 2018 मध्ये ओपन सोर्स झाला. मंडळातल्या कुणाला आवाजासाठी पाकीट उघडायला लावायचं नाही, एवढंच यामागचं कारण. पण खाली लिहिलेले घोटाळे कुठल्याही सिंथमध्ये होतात.

कारखान्यात व्हीएफडीचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचे) पॅरामीटर एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरवले आणि पुढे मोटर वेगळी निघाली, तर काय होतं ते आमच्याकडे नवीन पोरालाही ठाऊक आहे. प्रीसेटचं तेच आहे. त्या फाइलमध्ये कुठला नॉब कुठे ठेवला याची नोंद असते. समोरच्याचा कीबोर्ड, त्याच्या गाण्याची लय, त्याचा स्पीकर, त्याच्या डिस्कवरच्या फायली, त्याच्या गायकाची पट्टी यांतलं काहीही त्या फाइलबरोबर जात नाही. त्यामुळे तक्रार आली की मी आधी प्रीसेट उघडतच नाही. त्याच्या बाहेर काय राहिलं, ते शोधतो.

लोड होतो, पण मुका

सर्वांत आधी डीएडब्ल्यू (गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) बंद करा आणि सिंथ एकटाच, स्टँडअलोन उघडा. स्क्रीनवर खाली जो छोटा कीबोर्ड दिसतो, त्याची एखादी पट्टी माउसने दाबा. वाजली? मग प्रीसेट शाबूत आहे आणि दोष तुमच्या मिडी कीबोर्डात (जो कुठली पट्टी दाबली त्याचे आकडे कॉम्प्युटरला पाठवतो) किंवा डीएडब्ल्यूच्या ट्रॅकमध्ये आहे. नाही वाजली, तर सिंथमधलाच एखादा साधा तयार प्रीसेट लावून बघा. तोही मुका असेल तर ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट भलतीकडे गेलंय, बहुतेक वेळा एचडीएमआयला लावलेल्या टीव्हीकडे. हसू नका, सिडकोत हेच झालं होतं. पलीकडच्या खोलीत टीव्हीतून सनई वाजत होती आणि इकडे चार जण लॅपटॉपभोवती बसून मला शिव्या घालत होते.

माउसने वाजतो आणि कीबोर्डवरून वाजत नाही, अशी तक्रार असेल तर जवळजवळ नेहमी मॉड व्हील, म्हणजे कीबोर्डच्या डावीकडचं आवाजाचा रंग बदलायचं चाक, गुन्हेगार असतं. ही चूक माझीच होती आणि मी ती तीन वर्षं करत होतो. सनईचा दम हळूहळू भरतो, म्हणून मी फिल्टरचा दरवाजा आणि आवाजाची पातळी दोन्ही मॉड व्हीलला बांधली होती. माझ्या कीबोर्डचं व्हील सवयीने वर सरकवलेलंच असायचं. सातपूरच्या मित्राकडे पंचवीस पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड.

‘व्हील वर कर.’
‘कुठलं व्हील?’
‘डावीकडे, चाकासारखं.’
‘डावीकडे काडी आहे एक. हलवली की बेसूर होतं.’

ती काडी पिच बेंडची, म्हणजे सूर ओढायची होती. त्याच्या कीबोर्डला मॉड व्हील नव्हतंच. म्हणजे सिंथला कायम शून्य मिळत होतं आणि माझ्या मांडणीत शून्य म्हणजे शांतता.

आता मी असं करतो. सनईचा दम पहिल्या मॅक्रोला (सिंथमधल्याच, हवं ते बांधता येणाऱ्या नॉबला) बांधतो आणि मॅक्रो साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवून सेव्ह करतो. मॅक्रोची जागा प्रीसेटबरोबर जाते. व्हील असलंच तर ते वरून थोडी भर घालतं, नसेल तर काही अडत नाही. व्हायटलमध्ये असे चार मॅक्रो आहेत, सर्जमध्ये आठ. चारांच्या वर मला कधी लागले नाहीत. ज्याला आठ लागतात, त्याचा आवाज अजून ठरलेला नसतो, असं माझं मत.

व्हेलॉसिटीचंही असंच. स्वस्तातल्या कीबोर्डना पट्टी किती जोरात दाबली ते कळत नाही, ते दर वेळी एकच ठरलेला आकडा पाठवतात. मिडीत हे मोजमाप 127 पर्यंत जातं. मी संबळाचा प्रीसेट असा केला होता की 100 च्या वर दांडीचा कडक टोला आणि खाली हलका मऊ आवाज. ज्याचा कीबोर्ड कायम 64 पाठवतो, त्याला टोला कधीच सापडणार नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये व्हेलॉसिटी कर्व्ह असेल तर तो बदला, नसेल तर मला सांगा, मी टोला वेगळ्या पट्टीवर काढून देतो. आफ्टरटचला (पट्टी दाबून धरल्यावर वाढवलेल्या दाबाला) मी आता काहीच बांधत नाही, कारण आमच्या अख्ख्या मंडळात तो एकाच कीबोर्डला आहे आणि तो माझा.

फाइलच उघडत नाही

डॉट एफएक्सपी नावाची फाइल आली की कुठला सिंथ ते आधी विचारा. हे व्हीएसटी-2 चं, म्हणजे डीएडब्ल्यूला सिंथ जोडायच्या जुन्या पद्धतीचं, सर्वसाधारण डबडं आहे. सर्जही तेच वापरतो, सिरम नावाच्या आणखी एका सिंथची पहिली आवृत्तीही तेच. बाहेरून फाइल सारखीच दिसते, पण आत चार अक्षरांत सिंथची ओळख लिहिलेली असते आणि ती जुळली नाही की सिंथ तोंड फिरवतो. नाशिकरोडच्या मुलीने एकदा सिरमचे चाळीस प्रीसेट सर्जच्या फोल्डरमध्ये टाकले आणि ‘एकही वाजत नाही, सगळे करप्ट आहेत’ असं कळवलं. करप्ट काहीच नव्हतं.

व्हायटलची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडते. त्यात नॉबांची नावं, आकडे आणि वेव्हटेबल (ज्या तरंगांवरून सिंथ सूर घडवतो ते नमुने) आणि सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा) यांची लांबलचक अक्षरमाळ दिसते. सिंथच्या कुठल्या आवृत्तीत प्रीसेट बनवला तेही तिथेच लिहिलेलं असतं. तुमचा व्हायटल त्याहून जुना असेल तर तो ही फाइल घेणार नाही. उपाय एकच, अपडेट करा. फाइलमधला आवृत्तीचा आकडा हाताने बदलून गंडवायचा प्रयत्न मी करून पाहिलाय. लोड होतं, पण नव्या आवृत्तीतल्या गोष्टी गायब होतात आणि मग काय गेलं ते शोधत बसावं लागतं.

मजकुराची फाइल असल्यामुळे आणखी एक गंमत होते. फोनवरून लॅपटॉपवर येता येता तिला मागे डॉट टीएक्सटी असं शेपूट चिकटतं. विंडोज ओळखीची एक्सटेंशन लपवतं, त्यामुळे नाव बरोबर दिसतं आणि सिंथच्या यादीत मात्र फाइल येत नाही. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्सटेंशन्सवर खूण करा, शेपूट दिसेल, कापून टाका. तरीही यादीत येत नसेल तर चुकीच्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवली असणार. क्लाउड बॅकअप चालू असला की डॉक्युमेंट्स नावाची दोन फोल्डरं होऊन बसतात. फोल्डर स्वतः शोधू नका, सिंथच्याच मेनूतून उघडा. सर्जमध्ये युजर डेटा फोल्डर उघडायची सोय मेनूत आहे.

आता थोडं आपल्या लिपीबद्दल. मी हौसेने प्रीसेटच्या फायलींना मराठी नावं देत होतो. त्यातली ‘वाऱ्याची पेटी’ एका मित्राच्या जुन्या मॅकवरून फिरून माझ्याकडे परत आली आणि माझ्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी बसल्या. डोळ्यांना शंभर टक्के सारख्या. विंडोज एका फोल्डरमध्ये एका नावाच्या दोन फायली ठेवूच देत नाही, मग हे झालं कसं? कारण निघालं आपल्या ‘ऱ’मध्ये. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असा जोडून. मॅकची जुनी डिस्क-पद्धत नावं फोडून ठेवायची, माझा लॅपटॉप ठेवत नाही. माणसाला एक नाव, मशिनला दोन. तेव्हापासून फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मराठी नाव आणि माहिती प्रीसेटच्या आतल्या शेऱ्याच्या रकान्यात. मनाला पटत नाही, पण रात्री अकरा वाजता फोन येत नाहीत.

वाजतो, पण अर्धाच

डास झालेला तानपुरा याच गटातला. माझा तानपुरा दोन थरांचा होता. खाली वेव्हटेबलचा गाभा आणि वर जवारीची झिणझिण, जी मी एका खऱ्या तानपुऱ्यावरून, ज्यांचा होता त्यांना विचारून, रेकॉर्ड केली होती. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवताना एका विशिष्ट जागी तार ‘उघडते’ आणि आवाजात वरचे सूर मोहोळासारखे उठतात. त्या जागेवरचे चार सेकंद होते ते. ते रेकॉर्डिंग माझ्या डेस्कटॉपवर पडलं होतं आणि मी वापरत होतो त्या सिंथने प्रीसेटमध्ये फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवला होता. मित्राच्या मशिनवर त्या पत्त्यावर कुणी राहत नव्हतं. सिंथने तक्रारही केली नाही, गुपचूप तो थर सोडून उरलेला वाजवला.

कुठला सिंथ काय पोटात घेतो आणि काय बाहेर ठेवतो, हे माहीत असणं म्हणून महत्त्वाचं. व्हायटल वेव्हटेबल आणि सॅम्पल दोन्ही प्रीसेटच्या आत भरतो. फाइल जड होते, पण काही मागे राहत नाही. सर्ज वेव्हटेबल पॅचमध्ये ठेवतो. सिरमची पहिली आवृत्ती वेव्हटेबल आत घेते, पण नॉइज ऑसिलेटरचं (फुंकरीसारखा खरखरीत थर वाजवणाऱ्या भागाचं) सॅम्पल आत घेत नाही, ते समोरच्याच्या नॉइज फोल्डरमध्ये असावं लागतं. बासरीची फुंकर, सनईचा श्वास, तंबोऱ्यावरचा बोटाचा घासा या गोष्टी आपण नेमक्या नॉइजमध्येच ठेवतो, म्हणून जीव जातो तो तिथेच.

तपासायची माझी पद्धत अशी. प्रीसेट पाठवण्याआधी सॅम्पलच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलायचं, सिंथ पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा आणि प्रीसेट लोड करायचा. पोटात काय होतं आणि बाहेर काय होतं ते एका मिनिटात कळतं. सिंथ बंद करायला विसरू नका. उघडाच ठेवला तर सॅम्पल मेमरीत असतं आणि सगळं छान वाजतं.

याच गटात आणखी एक प्रकार येतो, फसवा. तुम्ही डीएडब्ल्यूमध्ये सिंथच्या पुढे रिव्हर्ब (घुमारा) आणि ईक्यू (आवाजाचा जाड-बारीकपणा जुळवणारा) लावलेला असतो, महिनाभर त्याच्यासकट ऐकलेलं असतं आणि पाठवता फक्त सिंथचा प्रीसेट. समोरच्याला कोरडा ठणठणीत आवाज मिळतो. आवाज बनवताना डीएडब्ल्यू उघडूच नका, स्टँडअलोनमध्येच बनवा.

बेसूर, पण सगळीकडे नाही

ही भानगड मला सर्वांत उशिरा समजली, म्हणून सविस्तर सांगतो.

भजनी मंडळासाठी मी पेटीसारखा एक प्रीसेट केला आणि त्याला आपलं शुद्ध स्वरांचं ट्यूनिंग लावलं. साध्या कीबोर्डवर बारा सूर सारख्या अंतरावर असतात, 100-100 सेंटवर (सेंट म्हणजे एका अर्धसुराचा शंभरावा भाग). आपला शुद्ध गंधार, षड्जाच्या 5/4 पट कंपनसंख्येचा, षड्जापासून 386.3 सेंटवर येतो आणि कीबोर्डचा 400 वर. म्हणजे कीबोर्डचा गंधार पावणेचौदा सेंट चढा. धैवत, 5/3 चा, 884.4 वर, कीबोर्डचा 900. तानपुऱ्यासमोर बसलं की हा फरक कुणालाही बोचतो.

हे ट्यूनिंग स्काला नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात, एक्सटेंशन एससीएल. वर एक नाव, खाली सुरांची संख्या 12, मग एका ओळीत एक सूर. माझी फाइल अशी: 16/15, 9/8, 6/5, 5/4, 4/3, 45/32, 3/2, 8/5, 5/3, 9/5, 15/8 आणि शेवटी 2/1. षड्ज लिहायचा नसतो, तो धरलेलाच असतो. अपूर्णांकाऐवजी सेंट लिहिणार असाल तर दशांशचिन्ह हवंच. 386.3 लिहिलं तर सेंट, नुसतं 386 लिहिलं तर सिंथ त्याला ‘386 पट’ समजतो. मग तो गंधार वटवाघळांना ऐकू जातो.

पहिला बिघाड सोपा होता. ट्यूनिंग माझ्या सिंथमध्ये लागलेलं होतं, प्रीसेटमध्ये गेलंच नव्हतं. सर्ज एक्सटीमध्ये पॅच सेव्ह करताना ट्यूनिंग पॅचमध्ये साठवायचं का, असा चौकोन येतो. त्यावर खूण करायची राहिली होती. ती केली, पुन्हा पाठवलं.

दोन दिवसांनी पेटीवाल्या काकांचा फोन. काका सत्तरीचे, मिडी म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

‘बाळा, तुझा मध्यम मेलाय रे.’
‘काका, ट्यूनिंग बरोबर आहे, मी तपासलंय.’
‘गंधार सुरेख आहे. पंचम लागलाय. मध्यम उतरलाय आणि धैवत चढलाय. आणि सगळं मिळून तानपुऱ्याच्या वर तरंगतंय.’

मी इथे घरी वाजवून पाहिलं, सगळं चोख. वाटलं, वयामुळे कान दमले असतील. रविवारी पंचवटीत गेलो. समोर कीबोर्ड, शेजारी फोनवर काळी एकचा (सी शार्पचा) तानपुरा. मंडळात कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाने षड्ज दाबला आणि तानपुऱ्याशी सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे ऐकू आले. मग त्याने दुर्गा छेडला आणि मध्यमावर मलाही दात आंबल्यासारखं झालं. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सुपारी कातरत राहिले.

कारण कीबोर्डच्या डिस्प्लेवर होतं. ट्रान्सपोझ (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय), अधिक 1.

आपल्याकडचे बहुतेक कीबोर्डवाले सगळं पांढरी एकवरूनच (सीवरूनच) वाजवतात आणि गायकाची पट्टी काळी एक असली की ट्रान्सपोझचं बटन एकदा दाबतात. साध्या ट्यूनिंगमध्ये काही बिघडत नाही, कारण सगळी अंतरं सारखीच. पण माझ्या ट्यूनिंगमध्ये षड्ज मिडीच्या 60 क्रमांकाच्या सुरावर, मधल्या पांढरी एकवर खिळलेला होता. ट्रान्सपोझमुळे कीबोर्ड 61 पाठवत होता आणि सिंथच्या लेखी 61 म्हणजे कोमल रिषभ. मुलगा षड्ज म्हणून माझा कोमल रिषभ वाजवत होता, गंधार म्हणून मध्यम, मध्यम म्हणून तीव्र मध्यम.

आता आकडे मांडा. कोमल रिषभ 16/15, म्हणजे 261.63 हर्ट्झच्या षड्जावर 279.07. खरी काळी एक 277.18. फरक 1.89 हर्ट्झ, तेच ते सेकंदाला दोन हेलकावे. पुढे 4/3 ला 16/15 ने भागा, 5/4 येतो. म्हणून गंधार योगायोगाने बरोबर. 8/5 ला भागा, 3/2. पंचमही बरोबर. रिषभ, निषाद, तेही सुटले. पण 45/32 ला 16/15 ने भागलं की जो मध्यम येतो तो 478.5 सेंटवर, हवा होता 498 वर. धैवताच्या जागी माझा 9/5 चा कोमल निषाद वाजत होता, तो पडला 905.9 वर, साडेएकवीस सेंट चढा. काकांनी सांगितलेले चारच्या चार मुद्दे, क्रमाने. हा मुलगा तानपुऱ्याशिवाय फक्त यमन वाजवत असता तर धैवत सोडून कुणाला काही कळलं नसतं, कारण तीव्र मध्यमही योगायोगाने जागेवर बसतो.

दुरुस्ती अशी. कीबोर्डचं ट्रान्सपोझ कायमचं शून्य. पट्टी बदलायची ती केबीएम फाइलमध्ये. ती स्कालाची जोडीदार, षड्ज कुठल्या पट्टीवर आणि कुठला सूर किती हर्ट्झला हे तिच्यात लिहितात. मुलाला पांढरी एकवरूनच वाजवायचंय ना, मग षड्ज 60 वरच ठेवा, संदर्भाचा सूरही 60 ठेवा आणि त्याची कंपनसंख्या 277.18 लिहा. पट्टी दाबली पांढरी एकची, वाजली काळी एक, सगळी अंतरं जागच्या जागी. काळी दोनसाठी 311.13, पांढरी चारसाठी 349.23, काळी पाचसाठी 466.16 किंवा खालची 233.08. मी प्रत्येक पट्टीचा वेगळा पॅच सेव्ह करून देतो, म्हणजे स्टेजवर कुणाला केबीएम हा शब्द उच्चारावा लागत नाही.

हे सगळं फक्त स्थिर पट्टीच्या गाण्याला. सिनेमातल्या गाण्यात कॉर्ड बदलत असतील तर हे ट्यूनिंग काढून टाका. बेंजो ग्रुपवाल्यांनी ते ठेवूनच डीजेच्या ट्रॅकबरोबर वाजवलं होतं. मी तिथे नव्हतो, पण व्हिडिओ आलाय माझ्याकडे.

सूर फक्त ओढताना चुकत असेल तर ट्यूनिंगकडे बघू नका, पिच बेंडची कक्षा बघा. बहुतेक ठिकाणी ती दोन अर्धसुरांची असते. मी सनईच्या मिंडीसाठी पाच ठेवतो. कक्षा प्रीसेटमध्ये असली तरी काही डीएडब्ल्यू आणि कीबोर्ड स्वतःची लादतात.

हेलकाव्यांची लय बदलते

एलएफओ (आवाज संथपणे हलवत ठेवणारा सिंथचा भाग) टेम्पोला बांधलेला असतो, म्हणून. 120 च्या लयीत एक-अष्टमांशावर तो सेकंदाला चार वेळा हलतो, गाणं 90 चं असलं तर तीनच वेळा. माणसाच्या गळ्याचा किंवा सनईचा कंप गाण्याच्या लयीवर चालत नाही. तो हर्ट्झमध्ये लावा, पाच-साडेपाच, आणि विषय संपवा. टेम्पोला बांधायचा तो फक्त डिलेचा पडसाद.

घरी भरदार, मंडपात बारीक

मंडपातली साउंड सिस्टीम बहुधा मोनो. मिक्सरवाला तुमच्या दोन वायरींतली एक लावतो किंवा दोन्ही एकत्र करतो. आपण हेडफोन लावून सात-सात युनिसन आवाज (एकाच सुराच्या किंचित वेगळ्या प्रती) डावी-उजवीकडे पसरवून तानपुरा ‘मोठा’ केलेला असतो. डावी-उजवी बाजू एकमेकींत मिसळल्या की त्यातला बराच भाग एकमेकांना खाऊन टाकतो. तानपुरा डास होण्याचं हे दुसरं कारण, आणि सॅम्पल शाबूत असतानाही तक्रार आली तर हेच धरून चला. बनवतानाच मोनो करून ऐका. गाभा मध्येच ठेवा आणि पसरवायची ती फक्त वरची झिणझिण.

ढोलाचा डबा होण्याचं कारण वेगळं. मी पाठवलेला ढोल लोक आधी फोनच्या स्पीकरवर ऐकतात. नाशिक ढोलाचा जो छातीत बसणारा ठोका आहे, तो वाजवायची फोनच्या चिमुकल्या स्पीकरची ताकद नाही. राहतो तो वरचा टपटप. मी आता ढोलाच्या खालच्या सुरावर थोडं सॅच्युरेशन टाकतो. त्याने वरचे पटीतले सूर तयार होतात आणि फोनवरही खाली काहीतरी आहे असा भास होतो. पण नाशिकच्या माणसाला ढोलाचा भास पुरत नाही, हे मला मान्य आहे. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीच्या (रंगाच्या जुन्या हौदाच्या) आजूबाजूला ज्याने खरं पथक ऐकलंय, त्याला सिंथमधला ढोल देणं हाच मुळात आगाऊपणा.

आवाज फाटत असेल तर प्रीसेटची पातळी खाली आणा. एका सुराला बरोबर वाटणारी पातळी चार सुरांना सहा डेसिबलने वाढते, तरंग एका टप्प्यात आले तर बारापर्यंत. मी एक सूर जोरात वाजवून शिखर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवतो. ‘तुझे आवाज बारीक असतात’ असं ऐकावं लागतं. चालेल.

खरखर आणि तुटक आवाज हा प्रीसेटचा दोष नसतो. ऑडिओ सेटिंगमधला बफर (एका वेळी किती आवाज तयार करून ठेवायचा तो आकडा) 128 वरून 512 करा. 44.1 किलोहर्ट्झला म्हणजे 2.9 मिलिसेकंदांवरून 11.6, बोटांना फारसा कळत नाही. सिंथमधलं ओव्हरसॅम्पलिंग (आवाज जास्त बारकाईने काढायची, प्रोसेसर दमवणारी सेटिंग) कमी करा, लॅपटॉप चार्जरला लावा.

मला कळवताना

आता मी प्रीसेटबरोबर दहा सेकंदांची वेव्ह फाइल पाठवतो. त्यात आवाज माझ्याकडे कसा वाजतो ते आहे. ती आधी ऐका, मग प्रीसेट वाजवा आणि फरक शब्दांत सांगा. वेव्ह फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून पाठवली तर मेसेजिंग ॲप ती दाबून चपटी करू शकतं. सिंथचं नाव, आवृत्तीचा आकडा, कीबोर्डच्या डिस्प्लेचा फोटो (ट्रान्सपोझ दिसेल असा) आणि गायकाची पट्टी, एवढं आलं की बहुतेक वेळा मला तुमच्या घरी यावं लागत नाही. माझे आवाज पुढे कुणालाही द्या, बदला, मंडळात वाजवा. विकत घेतलेल्या सॅम्पल पॅकमधलं काही त्यात घालून पुढे वाटू नका, एवढंच.

या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट आहे, उत्तर रात्री बारानंतर येईल. काकांनी मात्र थेट फोन करावा. परवा त्यांचा निरोप आलाय की मध्यम बरा आहे, आता खर्ज जरा आवळ.